दिघ्याची माणसं

फादरांनी आदल्या रविवारी एवढंच सांगितलं,
पुढच्या आठवड्यापासून जरा सरकून बसा.
मग रक्तदानाची तारीख, आणि कुणाची तरी
कबुलीच्या कोठडीत राहिलेली छत्री.

सरकून म्हणजे किती, ते नाही सांगितलं.
ऐरोलीच्या ह्या देवळात मी तेवीस वर्षं
चौथ्या बाकाच्या टोकाला बसतो.
पंखा डोक्यावर नाही, पण वारा बरोबर लागतो.
तिथं थोरल्यानं दहावीच्या वर्षी
किल्लीनं कोरलेला एक वाकडा क्रूस आहे.
प्रवचन लांबलं की मी तो बोटानं चाचपतो.

सामान टेम्पोनं आलं.
घंटा, बेचाळीस स्टीलच्या ताटल्या,
एक स्वर मुका झालेली पेटी,
आणि सतरंजीत गुंडाळलेला संत जोसेफ,
त्याचा फक्त सुताराचा काटकोन बाहेर.
माणसं मात्र दिघ्याहून चालत आली,
ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेकडेनं,
ज्या गेटांवर त्यांनी कार्डं पंच केली
त्या गेटांवरून.
पुढं क्रूस धरलेला एक पोरगा,
मागून हॉर्न देणारे कंटेनर.

रंगाची कंपनी गेली, मग चाळ गेली,
मग फादर महिन्यातून एकदा,
मग सणाला.
दर पगाराला दोन-दोन रुपये काढून बांधलेलं देऊळ
नोटिशीत नुसतं ‘बांधकाम’ होतं.

आमच्या बायका फाटकात तबक घेऊन उभ्या.
खाडीचा वारा. निरांजन तीनदा विझलं.
मंगलोरच्या रोझलिनबाई पदराचा आडोसा धरून
काडी ओढत राहिल्या, कुंकू कुणाला लावायचं
आणि कुणाला नाही, ह्याचा घोळ झाला.
शिरा दोनशे जणांचा होता. आले एक्क्याऐंशी.
बाकीचे? मी विचारलं.
‘राहात्याला गेले परत, कोण हरेगावला.
तिथं मतमाउली हाय.’

आत गेलो तर माझ्या टोकावर
मार्था त्रिभुवन. नाव नंतर कळलं.
पायाशी कापडी पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
‘हितं कुणाचं हाय का?’
नाही, म्हणालो, कुणाचंच नाही.
देवळात बोललेलं माझं हे पहिलं खोटं नव्हे.

आमच्या बापाच्या प्रार्थनेत गाडी अडली.
आम्ही अपराधांपाशी पोचलो
आणि ते अजून भाकर मागत होते.
आमचं आमेन झालं. त्यांचं मागून आलं,
उशिरानं येऊन दाराशी थबकलेल्या पाहुण्यासारखं.
आमची पोरं हसली. फादरांनी खाली पाहिलं.

शिरा खाताना तिनंच सांगितलं.
शांतवन पारखे मास्तर प्रार्थना सांगायचे,
त्यांना दमा. रंगाच्या खात्यात होते ना.
ओळ झाली की थांबायचे, श्वास घ्यायचे,
सगळे त्यांच्यासाठी थांबायचे.
मास्तर जाऊन अकरा वर्षं झाली.
‘आता आमाला घाईनं म्हनता येत न्हाई.’

घंटा जिन्याखाली ठेवलीय,
नाताळच्या मेंढ्यांशेजारी.
जोसेफ दोन झालेत, गव्हाणीतली बाळंही दोन,
त्यांचं जरा सावळं, पायाचा अंगठा तुटलेलं.
कुठलं ठेवायचं ते समिती ठरवेल,
समितीवर त्यांचा अजून कोणी नाही.

काल मी मुद्दाम वीस मिनिटं आधी गेलो.
ती आलेली होती. टोकावरच.
बोट त्या क्रूसावर फिरत होतं.
‘कुनी कोरलंय?’
आमच्या थोरल्यानं.
‘कुठं असतो?’
दोहाला. येत नाही फारसा.
तिनं बोट काढलं नाही.

शेजारच्या जागेवर तिची पिशवी होती,
ती उचलून मांडीवर घेतली.
‘बसा,’ म्हणाली, ‘तुमची जागा धरून ठेवलीय.’

बसलो.
पंख्याचा वारा इथवर पोचत नाही.